दहा बाय पाचचा प्लॉट

शेतात दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा आयत आखायचा. त्यातलं पीक कापायचं, मळायचं, उफणायचं आणि वजन करायचं. आलेल्या किलोला दोनशेनं गुणलं की हेक्टरी उत्पादन मिळतं. महाराष्ट्रात बहुतेक पिकांचा पीक कापणी प्रयोग असा होतो. हिशेब सोपा आहे: पन्नास चौरस मीटर गुणिले २०० म्हणजे एक हेक्टर. पण तोच हिशेब उलटाही चालतो. प्लॉटातला एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल आणि काट्यावरची शंभर ग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी वीस किलो.

या वजनावर राज्याचे शेती उत्पादनाचे अंदाज उभे असतात आणि प्रधानमंत्री पीक विमा योजनेची भरपाईही. २०२५च्या खरिपापासून महाराष्ट्रानं एक रुपयातली विमा योजना बंद केली आणि भरपाईचा मुख्य भार पुन्हा पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवला. त्यामुळे ऑक्टोबर आला की गावोगाव या प्लॉटवरून वाद होतात. वाद बहुतेक वेळा काट्याशेजारी उभं राहून होतो. खरी गडबड मात्र त्याच्या तासभर आधी, पहिली खुंटी ठोकताना झालेली असते.

प्लॉट एवढाच का, याला इतिहास आहे. जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्यानं १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भाताचं उत्पादन काढण्यासाठी यादृच्छिक, म्हणजे सोडतीनं ठरवलेल्या, जागी छोटे तुकडे कापून पाहिले. पुढं बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी तीच वाट मोठ्या प्रमाणावर चालवली, तीही छोट्या वर्तुळाकार तुकड्यांनी, कारण छोटा तुकडा लवकर कापून होतो आणि तेवढ्याच दिवसांत जास्त जागा गाठता येतात. त्याला हरकत घेतली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. ते तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते. छोट्या प्लॉटमुळे उत्पादन नेहमी फुगूनच दिसतं, हे त्यांनी एकाच शेतात लहान-मोठे प्लॉट कापून दाखवलं आणि १९४६मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं.

फुगतं ते कडेमुळे. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की हात आपसूक आत धरतो. साठ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि कड फक्त दोन सेंटिमीटर बाहेर सरकवा: क्षेत्र जवळपास सात टक्के वाढतं. दहा बाय पाचच्या आयताची प्रत्येक कड तेवढीच, दोन सेंटिमीटर, बाहेर सरकवली तर क्षेत्र ५०.६ चौरस मीटर होतं, म्हणजे वाढ सव्वा टक्क्याच्या आत. चूक तीच, पण मोठा प्लॉट ती पचवतो. आज उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण वापरतात, पश्चिम बंगालात वर्तुळ, बऱ्याच राज्यांत पाच बाय पाचचा चौरस. आपला आयत त्यांच्या मानानं मोठा आहे आणि ते बरंच आहे.

आता खुंटीकडे. गाव निवडलेलं असतं, गावातला गट क्रमांक यादृच्छिक संख्येवरून ठरलेला असतो. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपरा शोधायचा. तिथून शेताची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजायची. समजा लांबी ८४ पावलं आणि रुंदी ४६ पावलं भरली. मोजणाऱ्याचं पाऊल पाऊण मीटरचं असेल तर प्लॉटची लांबी १४ पावलं आणि रुंदी ७ पावलं होते. ती वजा केली की ७० आणि ३९ उरतात. मग यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून एक संख्या ७०च्या आतली आणि दुसरी ३९च्या आतली घ्यायची. ३१ आणि १२ आल्या, तर नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूनं ३१ पावलं चालायचं, तिथून काटकोनात आत १२ पावलं. जिथं पाऊल पडेल तिथं पहिली खुंटी. शेत वेडंवाकडं असल्यामुळे प्लॉटचा भाग बाहेर जात असेल तर ती जोडी सोडून पुढची जोडी घ्यायची. जोडी सोडायला कारण एवढंच लागतं. पीक विरळ आहे, पाणी साचलंय, झाडाची सावली पडते, तण माजलंय, यातलं एकही कारण चालत नाही. सावलीतलं पीकही त्या शेताचंच पीक आहे.

पहिल्या खुंटीपासून दहा मीटरची एक बाजू, तिला काटकोनात पाच मीटरची दुसरी. काटकोन डोळ्यांनी साधत नाही. बाजू बरोबर असूनही आयताचा समांतरभुज चौकोन होतो आणि क्षेत्र कमी भरतं. म्हणून कर्ण मोजायचा. दोन्ही कर्ण ११.१८ मीटर आले पाहिजेत. फीत पिकावरून नेली तर झोळ पडतो, त्यामुळे ती जमिनीलगत ताणून धरावी. सुतळी ओली झाली की लांबीत बदलते, म्हणून मोजमाप फितीनंच आणि सुतळी फक्त हद्द दाखवायला. झाड आत की बाहेर हे शेंड्यावरून ठरवायचं नाही, बुंध्यावरून ठरवायचं. बुंधा सुतळीच्या आत असेल तर झाड आत, मग फांद्या कुठंही लोळत असोत.

ओळीत पेरलेल्या पिकांत एक चूक अगदी निरागसपणे होते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल आणि ओळी प्लॉटच्या लांबीला समांतर असतील, तर पाच मीटर रुंदीत सरासरी ११.१ ओळी बसायला हव्यात. म्हणजे बहुतेक प्लॉटांत अकरा, थोड्यांत बारा. पण पावलं मोजत आलेला माणूस खुंटी दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत ठोकत नाही, तो ओळ बघून तिला लागून ठोकतो. ओळीपासून सुरुवात केली की बारावी ओळ ४.९५ मीटरवर येते आणि प्रत्येक प्लॉटात बाराच ओळी येतात. उत्पादन आठ टक्क्यांनी फुगलं, तेही कुणी लबाडी न करता! कापसात ओळींतलं अंतर १२० सेंटिमीटर धरा: हव्यात ४.१७ ओळी आणि ओळीवर खुंटी ठोकली तर येतात पाच, म्हणजे वीस टक्के जास्त. पाऊल जिथं संपलं तिथंच, बुटाच्या टोकाशी, ओळीकडे न बघता खुंटी ठोकणं एवढाच यावर उपाय आहे. सोयाबीनमध्ये तूर असेल तर प्रश्न आणखी वाढतो, कारण आयतात तुरीची एक ओळ येते की दोन, यावर तुरीचा आकडा दुपटीनं हलतो.

यापेक्षा मोठी चूक शेत बदलण्याची. निवडलेल्या गटात सोयाबीन पेरलं होतं, पण सप्टेंबरच्या पावसानं ते गेलं आणि शेतकऱ्यानं रान मोडून टाकलं. प्रयोगाला गेलेला कर्मचारी म्हणतो, इथं कापायला काहीच नाही, पुढचा गट घेऊ. इथं आकड्याचा जीव जातो. ते क्षेत्र पेरणीखाली नोंदलेलं आहे, तेव्हा तिथलं उत्पादन शून्य आहे आणि शून्य हीसुद्धा एक नोंद आहे. दहा प्लॉटांपैकी दोन शून्याच्या जागी चांगली शेतं आली आणि बाकीच्यांची सरासरी हेक्टरी १२०० किलो असेल, तर खरी सरासरी ९६० आणि कागदावरची १२००. गट बदलायचा तो निवडलेल्या गटात ते पीक पेरलंच नव्हतं तेव्हा. पेरलं होतं की नाही हे कळायला पीक पाहणीची नोंद लागते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून ही नोंद करतो. ती वेळेवर आणि जागेवर उभं राहून झाली असेल तर या वादात तिच्यासारखा साक्षीदार नाही. घरबसल्या, गेल्या वर्षीचं पीक आठवून झाली असेल तर निवडीची चौकटच चुकते आणि पुढचं सगळं नेमकं काम चुकीच्या यादीवर होतं.

कापणीनंतर ओलावा. पावसात सापडलेलं सोयाबीन १८ टक्के ओलाव्यावर मळलं आणि ८.४ किलो भरलं. बाजारात धरतात तो ओलावा १२ टक्के. मग ८.४ गुणिले ८२ भागिले ८८, म्हणजे ७.८३ किलो. हेक्टरी १६८० आणि १५६५ यांत हा एवढाच फरक आहे आणि तो पूर्ण पाण्याचा आहे. पद्धतीत यासाठी काही प्रयोगांतला नमुना वाळवून पुन्हा तोलायची सोय आहे आणि त्यावरून घट काढून सगळ्यांना लावतात. पण कोरड्या आठवड्यात वाळवलेल्या नमुन्याची घट पावसाळी आठवड्यातल्या प्लॉटला लावली की हिशेब बिघडतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र प्रत्येक पथकाकडे असावं. हे वर्षानुवर्षांचं रडगाणं आहे. कापसाची कथा वेगळी: वेचण्या तीन-चार असतात आणि प्रत्येक वेचणीला त्याच आयतात परत यावं लागतं. दुसऱ्या वेचणीपर्यंत खुंट्या उपटलेल्या असतात किंवा घरच्यांनी प्लॉटातलाही कापूस वेचून नेलेला असतो. मग शेवटच्या वेचण्या अंदाजानं भरल्या जातात.

आता समजा सगळं नियमानं झालं. तरीही एक अनिश्चितता उरते आणि ती कुणाच्याही चुकीमुळे नसते. विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तालुक्याला किमान १६, महसूल मंडळाला १० आणि गाव पातळीवर प्रमुख पिकाला ४ प्रयोग धरले आहेत. मंडळातल्या शेताशेतांतलं उत्पादन सरासरीच्या ४० टक्के इतकं वरखाली होतं असं माना, कोरडवाहू सोयाबीनला हे फार नाही. दहा प्लॉटांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकते याचं माप, मग ४० भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या थोडी वर. चार प्लॉटांची २० टक्के. शिवाय एका गावात दोन-दोन प्लॉट असतात आणि एकाच गावातली शेतं एकमेकांसारखी असतात: तोच पाऊस, तीच जमीन. त्यांच्यातला सहसंबंध ०.४ धरला तर दहा प्लॉटांची त्रुटीही १५ टक्क्यांवर जाते.

ही त्रुटी भरपाईला कुठं भिडते ते पाहा. उत्पादन ज्याच्या खाली गेलं की भरपाई सुरू होते ते उंबरठा उत्पादन काढताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरतात. हेक्टरी किलोंत १८००, १५००, ९००, १७००, १६००, ११०० आणि १४०० अशी सात वर्षं असतील तर ९०० आणि ११०० गळतात, उरलेल्यांची सरासरी १६००. जोखीमस्तर, म्हणजे या सरासरीचा विम्यानं धरलेला हिस्सा, ७० टक्के असेल तर उंबरठा ११२०. यंदाचं उत्पादन १००० निघालं तर तूट १२० भागिले ११२०, म्हणजे विमा रकमेच्या १०.७ टक्के भरपाई. उत्पादन ११५० निघालं तर शून्य. या दोन निकालांत दीडशे किलोंचं अंतर आहे, प्लॉटच्या भाषेत पाऊण किलो. आणि दहा प्लॉटांची साधी प्रमाण त्रुटीच इथं सव्वाशे किलोंच्या आसपास आहे. म्हणजे एका मंडळाला मिळालं आणि शेजारच्याला नाही, यात पिकापेक्षा सोडतीचा वाटा मोठा असू शकतो.

सहज सुचणारा उपाय म्हणजे प्रयोग वाढवा. एका तालुक्यात आठ मंडळं आणि पाच अधिसूचित पिकं धरली तर दहाच्या हिशेबानं चारशे प्रयोग होतात. सोयाबीन, मूग, उडीद यांतल्या प्रत्येकाची काढणी दोन-तीन आठवड्यांत उरकते. काम महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तीन विभागांच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांत वाटलेलं असतं आणि त्याच दिवसांत पंचनामेही असतात. नीट केलेला एक प्रयोग आखणीपासून वजनापर्यंत दोन तासांच्या आत होत नाही, शिवाय शेतकऱ्याच्या काढणीची वाट पाहावी लागते. आकडा दुप्पट केला की निम्मे प्रयोग शेतात न उतरता, बांधावरून अंदाजानं भरले जातील. त्यापेक्षा दहा खरे बरे.

बांधावरून भरलेले प्रयोग आकड्यांतच ओळखता येतात. खरं वजन ७.३६५ किलो असं वेडंवाकडं येतं. भरलेलं ७.५, ८, ६.५ असं येतं. एखाद्या पथकाची निम्म्याहून जास्त वजनं अर्ध्या किलोच्या टप्प्यावर पडली तर कुठं पाहायचं ते कळतं. दुसरी खूण फरकाची. मन आकडा रचताना टोकाचे आकडे टाळतं, त्यामुळे एका गावातले दोन प्लॉट एकमेकांच्या फारच जवळ येतात. तिसरी वेळेची: तीन किलोमीटरवरचे दोन प्रयोग वीस मिनिटांच्या अंतरानं पूर्ण. चौथी जागेची: प्रयोगाची नोंद करायच्या मोबाइल ॲपमधले बिंदू नकाशावर टाकले तर सगळे रस्त्यालगत. यातलं काहीही एकट्यानं पुरावा नाही. चारही एकत्र आले की मात्र त्या पथकाचे पुढचे प्रयोग समोर उभं राहून करून घ्यावेत.

दबाव दोन्ही बाजूंनी असतो. गावाला वजन कमी हवं असतं, विमा कंपनीच्या प्रतिनिधीला जास्त. पण सलग तीन-चार वर्षं वजन कमी दाखवलं की चांगल्या पाच वर्षांची सरासरी खाली येते आणि खऱ्या दुष्काळाच्या वर्षी उंबरठाच इतका खाली असतो की भरपाई निघत नाही. हे गणित काट्याशी भांडताना कुणी मांडत नाही.

उपग्रहानं हे सगळं सुटेल असं आता म्हटलं जातं. २०२३च्या खरिपापासून केंद्रानं भात आणि गव्हासाठी उपग्रह व प्रारूपांवरून (गणिती मॉडेलांवरून) काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरवलं. प्रयत्न योग्य दिशेचा आहे, पण मर्यादा कळायला हव्यात. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला प्लॉट अर्ध्या ठिपक्याएवढा. मोबाइलचं स्थान पाच-दहा मीटर इकडेतिकडे असतं, म्हणजे प्लॉट नेमका कोणत्या ठिपक्यात पडला हेच नक्की नाही. प्रारूप शिकवायला हाच प्लॉट आणि हाच ठिपका वापरायचा, तर प्लॉटची एकेक चूक प्रारूपातही उतरते. खरिपात ढग असतात, त्यामुळे शेंगा भरायच्या ऐन दिवसांतलं चित्र मिळेलच असं नाही. रडार ढगांतून पाहतं आणि भाताला चांगलं चालतं, पण सोयाबीनच्या शेंगा भरल्या की पोचट राहिल्या हे हिरवेपणावरून कळत नाही. हिरवंगार आणि रिकामं पीक कोरडवाहू भागात नवं नाही.

मला खटकतं ते ठरावीक ३० टक्के. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या उत्पन्नाचे अंदाज काढताना जे सूत्र मांडलं, त्यात प्रत्यक्ष मोजणी आणि प्रारूप यांचं वजन ठरीव नसतं. ज्याची त्रुटी कमी त्याला वजन जास्त. वरच्याच मंडळात प्लॉटांची सरासरी १०००, तिची त्रुटी १२६ आणि प्रारूप सांगतं ११५०, त्याची त्रुटी १०० असं धरा. मग प्लॉटांना वजन १०० वर्ग भागिले १०० वर्ग अधिक १२६ वर्ग, साधारण ३९ टक्के. एकत्रित अंदाज १०९२. ७०:३० केलं तर १०४५. शेजारच्या मंडळात प्लॉट एकसारखे निघाले आणि त्रुटी ५०च असेल, तर त्याच सूत्रानं प्लॉटांना ८० टक्के वजन जातं. एकच टक्केवारी सगळ्यांना लावणं कारकुनीच्या सोयीचं आहे, म्हणून ती लावली जाते. अर्थात दहा प्लॉटांतून त्रुटीही कच्चीच निघते, म्हणून ती बरीच मंडळं एकत्र घेऊन गुळगुळीत करावी लागते. हे करायचं तर मंडळनिहाय आकड्याशेजारी त्याची त्रुटी छापावी लागेल.

आणि ॲपबद्दल. फोटो, वेळ, अक्षांश-रेखांश यांतून प्लॉट कुठं होता हे कळतं. तो तिथंच का होता, हे त्यातून कळत नाही. चांगल्या जागी उभं राहून काढलेल्या फोटोलाही अक्षांश-रेखांश असतातच. म्हणून ३१ आणि १२ ही जोडी कर्मचाऱ्यानं तक्त्यातून शोधायची नाही. शेताची लांबी-रुंदी भरल्याबरोबर ॲपनंच ती द्यायची आणि तिथंच गोठवायची. जोडी सोडली तर कोणती आणि कशासाठी सोडली हेही साठवायचं. वर्षाअखेर सोडलेल्या जोड्यांची टक्केवारी पथकनिहाय काढली की वेड्यावाकड्या शेतांचं प्रमाण कोणत्या पथकाच्या वाट्याला अचानक वाढलं, ते दिसेल.